धनसिंग आडे यांणी सात नंबरचा डॉक सर केला त्याची हकीकत

श्री सेवालाल महाराज समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, वऱ्हाड प्रांती, जिल्हे वाशिम, तालुके कारंजे, कसबे कामरगावचे उगवतीस जो तांडा आहे, तेथील मातब्बर ड्रायव्हर धनसिंग आडे यांणी बड्या ट्रक कंपनीची चाकरी धरली, आणि गाडी पुढे नेण्यात कोणास न हटणारा हा गडी मागे घेण्यात अडला, आणि मग कोणाच्या कुमकेने यश पावला, ही वार्ता मुलुखात नाना मुखी नाना परीने चालते. कोणी म्हणतो दोन खांब पाडले, कोणी म्हणतो चार. सबब जैसे घडले तैसे एकदा लिहून ठेवावे ऐसे मनी आणून हे लिहिले असे. पदरचे मीठ चवीपुरतेच घातले आहे.

धनसिंगाचे कुळ लमाणांचे. पूर्वी फौजा कूच करीत तेव्हा याचे पूर्वज हजार हजार बैलांचे पाठीवर धान्य लादून दोन्ही बाजूंच्या छावण्यांस रसद पोहोचवीत, आणि लढाई कोणीही जिंको, जेवण मात्र दोन्हीकडे यांचेच धान्याचे होई. तो वारसा धनसिंगाने एकोणीस वर्षे दहाचाकी ट्रकावर चालविला. ट्रक स्वतःचा, म्हणजे हे शिलेदार. सोबत क्लीनर सोमला राठोड, वयाने पंधरा वर्षे वडील, मानलेल्या नात्याने काका, परंतु गाडीवर चढताच धनसिंगास उस्ताद म्हणणारे. सोमलाकाकांनी उभ्या जन्मात स्टिअरिंगला हात लाविला नाही, परंतु मागे उभे राहून पत्र्यावर थाप मारावी आणि "येऊ दे, येऊ दे" ऐसा पुकारा करावा, की ट्रक बोळातून ऐसा मागे सरे जे भिंतीवरली गोवरी हलू नये. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ट्रकाचे मातोश्रींचा उद्धार होत असे, तो शब्द दप्तरी लिहिण्याजोगा नाही. मग शेवटास काका "बस" म्हणत, आणि म्हणण्याआधी तंबाखूचे कृपेने एकवार खोकत. एकोणीस वर्षांत धनसिंगाचा पाय "बस" ऐकेतो थांबला नाही. खोकला कानी येताच तो ब्रेकावर पडे.

पुढे काळ फिरला. ट्रक म्हातारा जाहला, पासिंगवाल्यांनी मान हलविली, आणि एके दिवशी तो भंगारात गेला. काकांनी त्याच्या मागल्या फळीस हात लाविला आणि घरी जाऊन शेळ्या राखू लागले. धनसिंगापुढे दोनच वाटा उरल्या: दिवाळी सरताच टोळीबरोबर ऊस तोडावयास पश्चिमेकडे जावे, नाही तर कारंजाचे नाक्यालगत महावेग वाहतूक नामे जी बडी कंपनी ठाणे देऊन बसली आहे, तिची चाकरी धरावी. त्याचे कुटुंब धुरपताबाई, यांचे लहानपण उसाचे फडात पाचटाचे खोपीत गेले होते, आणि लग्नाचे वेळीच त्यांणी शर्त घातली होती जे कोयता पुन्हा हाती धरणार नाही. मग श्रावणमासी धनसिंगाने महावेगचा गणवेश अंगी चढविला, आणि शिलेदार होता तो बारगीर जाहला. घोडा सरकारचा, स्वार आपण.

करार ऐसा ठरला जे तीन महिने उमेदवारी करावी, कसूर न जाहल्यास चाकरी कायम, आणि मग कारंजे ते भिवंडी ऐसी नेमाची फेरी मिळून तिसरे दिवशी घरची भाकर. तांड्यात यावर पारावर बैठक भरली. जाणत्यांचे मत पडले जे बड्या कंपनीत ड्रायव्हराचे कल्याण होत नाही. आजवर दोघे गेले, एक कॅमेऱ्याशी भांडून परतला आणि दुसरा सुपारी सोडवेना म्हणून. धनसिंग ऐकून घेता जाहला आणि दुसरे दिवशी उजाडताच कामावर हजर राहिला.

आता त्या गाडीचे वर्णन काय करावे. चाळीस फुटी ट्रेलर, केबिनीत थंड वारा, सीटेमागे निजावयास गादी, आणि समोर कॅमेरा नामे एक हेर, जो जांभई आली तरी पुणे दरबारी, म्हणजे कंपनीचे बडे कचेरीत, चुगली करी. धनसिंगाने महामार्गावर गाडी ऐसी हाकिली की पुण्याहून शाबासकी आली. परंतु महावेगचे फर्मान होते जे केबिनीत परका इसम बसवू नये, सबब क्लीनर नाही. आणि दुसरे फर्मान जे मागे सरत्या गाडीचे पाठीशी कोणीही उभे राहू नये, सबब पुकारा नाही. मागले दृश्य एका पडद्यावर दिसे, त्यावर हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रेघा. धनसिंग त्या रेघांकडे पाही आणि स्टिअरिंग कोणीकडे फिरवावे ते त्यास उमजेना. गाडी मागे न्यावयाची आणि कान रिकामे, हे त्यास आंधळ्यासारखे वाटे.

पहिले झुंजीत सात नंबरचे डॉकाचा, म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याचे धक्क्याचा, खांब खरचटला आणि पुण्याहून ताकीद आली. दुसरे झुंजीत गेटावरल्या पहारेकऱ्याची प्लास्टिकची खुर्ची रणी पडली. पहारेकरी चहास गेला होता, म्हणोन वाचला. दुसरी ताकीद आली आणि तीत स्पष्ट लिहिले होते जे तिसरी येणार नाही, थेट निरोपच येईल. तेव्हा आश्विन लागला होता, आणि ऊसतोड टोळीचा मुकादम तांड्यात येऊन नावे लिहीत होता; आडे कुटुंबाचे नावही त्याने वहीत घातले.

धनसिंग रजा घेऊन घरी आला तो तोंड उतरलेले. मसलतीस तिघे बसले: धनसिंग, सोमलाकाका आणि धुरपताबाई. काका शेळीचे कान खाजवीत म्हणाले जे कंपनीस आपण नको, तेथे आपला इलाज नाही. यावर धुरपताबाईंनी चुलीवरून भाकर उतरविली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या,

"एकोनीस वर्सं तुमी काकाचा आवाज आयकला. तो काय गाडीसंगं भंगारात गेला?"

मग तजवीज ठरली. सोयाबीनचे हंगामात ट्रॅक्टर मिळणे म्हणजे देव भेटणे. परंतु धुरपताबाई कामरगावी ट्रॅक्टरवाले शेतकरी माणिकराव यांचे घरी गेल्या, दोन दिवस सोयाबीन सोंगून देण्याचे कबूल केले, आणि दोन संध्याकाळी ट्रॅक्टर ट्रॉलीसह मिळविला. ट्रॉली मागे घेणे हे ट्रेलराहून अवघड. डावीकडे वळवावी तर उजवीकडे पळते. पहिले दिवशी काकांनी मागे उभे राहून पुकारा केला आणि ट्रॉली दोन बाभळींमधून नीट आत गेली. दुसरे दिवशी काका शेताचे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसले, तोंडात तंबाखू धरली आणि हूं की चूं केले नाही. धनसिंगाने दोनदा बाभळीस धडक दिली, मग डोळे पडद्यावर असतात तैसे आरशावर ठेविले, दारावर आपल्याच तळहाताची थाप मारिली, आणि काकांच्याच आवाजात, काकांच्याच घोगऱ्या सुरात पुकारा करिता जाहला. मातोश्रींचा उद्धार जागचे जागी जाहला. शेवटी तो खोकला, आणि त्याचा पाय आपसूक ब्रेकावर पडला. ट्रॉली बाभळींचे मधोमध उभी. काका धुऱ्यावरून उठले आणि पाठ फिरवून शेळ्यांकडे गेले, कां की त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुतण्याने पाहावे ऐसी त्यांची इच्छा नव्हती.

मग आश्विन वद्य पंचमीस, दिवस कासराभर वर आला असता, धनसिंग पुन्हा सात नंबरचे डॉकासमोर उभा राहिला. डावीकडे ट्रेलर, उजवीकडे ट्रेलर, आणि मध्ये खरचटलेला तोच खांब. त्याने काच खाली केली, दारावर थाप मारिली आणि पुकारा केला, आणि चाळीस फुटी लोखंड चालते जाहले, आणि खोकला जाहला, आणि ट्रेलर डॉकाचे रबरापासून चार बोटांवर उभा राहिला. पहारेकऱ्याने नव्या खुर्चीवरून उठून पाहिले.

ही फत्ते समजावी तो दोन दिवसांनी पुण्याहून खलिता आला. त्यात ऐसे जे, हेराने आवाज पकडिला आहे, केबिनीत दुसरा इसम होता, वय अंदाजे साठ, जुनाट खोकला, भाषा असभ्य; सदर इसमास सीटेमागले गादीवर लपविले असावे; सबब ड्रायव्हरास निरोप का देऊ नये, याची चौकशी व्हावी. धनसिंगाने शपथपूर्वक सांगितले जे दुसरा कोणी नव्हता, परंतु आवाज ऐकविला तेव्हा तो स्वतःच चमकला, कां की यंत्रातून हुबेहूब सोमलाकाकाच बोलत होते.

चौकशीचा अखत्यार सुरक्षा अधिकारी पल्लवी इंगोले यांजकडे होता. बाई वयाने तिशीच्या, मूळच्या वाशिमच्या, कामात कडक, परंतु न ऐकता निवाडा करणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांणी हुकूम केला जे आरोपीने माझे समक्ष गाडी मागे घेऊन दाखवावी. गादी उचलून पाहिली, पडदे झाडून पाहिले, दारे लाविली, आणि बाई स्वतः शेजारचे सीटेवर पट्टा बांधून बसल्या. बाहेर सारे ड्रायव्हर, हमाल आणि पहारेकरी जमले.

येथे धनसिंगावर खरा प्रसंग गुदरला. थाप मारिली, पुकारा केला, एक, दोन, तीन. आणि तिसऱ्यानंतर जो शब्द यावयाचा तो बाईमाणसासमोर त्याच्या जिभेवर येईना. तो त्याने गिळला, आणि ताल तुटला, आणि ट्रेलर हातभर खांबाकडे झुकला. त्याने गाडी थांबविली. डोळ्यांपुढे उसाचे फडातली खोप उभी राहिली. पल्लवीबाईंनी आरशात खांब पाहिला, मग त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि पुण्याहून आलेला आवाज त्यांणी ऐकिलाच होता, सबब अडले कोठे ते त्यांचे ध्यानी आले. त्या म्हणाल्या,

"दादा, जसं हाये तसंच म्हना. मी बी इथलीच. लहानपनापासून हेच आयकून राह्यली."

मग धनसिंगाने गाडी पुढे घेतली, दम घेतला, आणि दारावर ऐसी थाप मारिली की डॉकाचे छपरावरली पाखरे उडाली. पुकारा जाहला, मातोश्रींचा उद्धार यथासांग जाहला, लोखंड रेघेत चालले, आणि मग खोकला आला. लोक सांगतात जे खोकला ऐकताच पल्लवीबाईंनीही आपला पाय जोराने खाली दाबला, जेथे ब्रेक नव्हता. ट्रेलर रबरास जेमतेम टेकून उभा राहिला. बाहेर हमालांनी शिट्ट्या वाजविल्या आणि पहारेकऱ्याने आपली खुर्ची धनसिंगास बसावयास दिली.

वसुबारसेचे दिवशी फर्मान निघाले जे धनसिंग आडे यांची चाकरी कायम, फेरी कारंजे ते भिवंडी. केबिनीत दुसरा इसम नव्हता, ऐसा निवाडा. आणि गाडी मागे घेतेसमयी ड्रायव्हरास मोठ्याने बोलणे जरूर वाटल्यास बोलावे. तेव्हापासून कारंजाचे ठाण्यात प्रत्येक डॉकावर पुकारा चालतो, प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या जुन्या क्लीनराचे आवाजात ओरडतो, आणि पारावरचे जाणते आता म्हणतात जे कंपनीत कल्याण होते हे आम्ही आधीच सांगितले होते.

धनसिंग ते फर्मान घेऊन प्रथम काकांकडे गेला. काकांस वाचता येत नव्हते, सबब त्याने सारे वाचून दाखविले. काका शेवटापर्यंत ऐकत राहिले आणि मग एवढेच पुसले,

"बसच्या आंदी खोकल्ला होता ना?"

"खोकल्लो, काका."

"मंग ठीक हाये," ऐसे बोलून काकांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

येणेप्रमाणे सात नंबरचा डॉक फत्ते जाहला, मुकादमाचे वहीतून आडे कुटुंबाचे नाव खोडले गेले, आणि धुरपताबाईंनी घरात पडून असलेला उसाचा कोयता माणिकरावांचे घरी देऊन टाकिला. एक बाब तेवढी नोंदणे राहिली. पुण्याचे यंत्रास फर्मान कळत नाही. धनसिंग गाडी मागे घेऊ लागला की ते अद्यापही दरबारी कळविते जे केबिनीत इसम दोन. पल्लवीबाई आरंभी ते दर वेळी खोडून एक करीत असत. अलीकडे त्यांणी खोडणे सोडले आहे, आणि आम्हीही येथे दोनच लिहून ठेवितो.