जाखूबाईची धाकली

आंबेखिंडीतल्या वत्सला घोरपडेच्या अंगणात श्रावणापासून एक टेकडी सांभाळायला होती.

टेकडी काही फार मोठी नव्हती. घराच्या पत्र्यापेक्षा जराशी उंच, अंगावर गवत आणि डोक्यावर करवंदीचं एक झुडूप. तिची आई म्हणजे गावाबाहेरचा जाखूबाईचा डोंगर. पावसात जाखूबाईची एक कड ढासळली, तिच्या अंगाला लोखंडी जाळ्या मारायचं काम निघालं, आणि ती बरी होईपर्यंत लेकरानं राहायचं कुठं असा प्रश्न आला. अशी लेकरं, दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळायचं प्रशिक्षण घेणाऱ्या प्रतिपालकांकडं देतात. टेकडीची सोय होते आणि पालकांचाही हात बसतो.

वत्सला आणि तिचा नवरा बजरंग यांना मूलबाळ नव्हतं. बजरंगची घराला लागूनच पिठाची गिरणी होती आणि घर दोघांना मोठं पडत होतं. तालुक्याच्या बालगृहात कस्तुरी नावाची आठ वर्षांची पोर होती. तिची आई लांबच्या दुखण्यानं दवाखान्यात पडलेली. दोघं तिला एकदाच भेटली होती. कस्तुरीनं वत्सलाच्या हातचा शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, बोटं चाटली आणि विचारलं, "आणखी हाय का?" त्या दिवसापासून वत्सलाचं घरात लक्ष लागेना. आई बरी होईपर्यंत का होईना, ही पोर आपल्या घरी यावी, एवढंच तिच्या मनानं घेतलं होतं.

पण प्रशिक्षण देणाऱ्या डोईफोडे मॅडम कडक. त्या म्हणाल्या, "आधी टेकडी, मग मूल. टेकडी सांभाळून जिनं परत दिली, तिलाच आम्ही मूल देतो."

वर्ग पंचायत समितीच्या सभागृहात भरायचा. लेकराचं नाव बदलायचं नाही, त्याच्या आईला नावं ठेवायची नाहीत, दर रविवारी तिला भेटवून आणायचं, हे सगळं मॅडमनी समजावून सांगितलं. मग चष्मा काढून त्या मुख्य गोष्टीवर आल्या. टेकडीला आणताना-नेताना आपण पुढं चालायचं, ती मागून येते. मुक्कामी पोचेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. बघितलं की ती तिथंच बसते, आणि मग कायमची.

"हे आपल्याकडं नवीन नाही," त्या म्हणाल्या. "देवीसुद्धा भक्ताच्या मागून अशीच येते. भक्तानं मागं बघितलं म्हणून रानातच बसलेली देवी कुणाकुणाच्या गावात आहे?"

जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. शेवटच्या बाकावरचे देसाई मात्र खाली मान घालून बसले होते. मागल्या वेळी टेकडी घेऊन ते आंबेखिंडीच्या एसटी स्टँडातून चालले होते, कुणीतरी "ओ देसाई!" म्हणून हाक मारली, आणि झालं. आता एसट्या त्या टेकडीला वळसा घालून फलाटाला लागतात आणि तिच्या डोक्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात. देसायांना प्रशिक्षणाला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. तेव्हापासून त्यांना कुणी हाक मारली तरी ते वळत नाहीत, माणूस पुढं येईपर्यंत थांबतात.

वत्सलानं टेकडी मात्र व्यवस्थित आणली. अंगणात आल्यावर पहिल्यांदा वळून बघितलं आणि तिचा जीव हरखला. "अगं बाई, किती गं वाळलीस!" असं म्हणून ती परसातनं चांगल्या काळ्या मातीची पाटी घेऊन आली आणि टेकडीच्या अंगावर घातली. मग रोजच घालू लागली. पावसाचा गारठा वाढला तशी तिनं गोधडी आणली. ती एका अंगालासुद्धा पुरेना, म्हणून शेजारच्या कमळाक्काकडनं आणखी मागितल्या.

"उद्या तिला कानटोपी शिवशील!" कमळाक्का म्हणाली, पण गोधड्या दिल्या.

एके दिवशी डोईफोडे मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी टेकडीभोवती एक फेरी मारली.

"वत्सलाताई, हिनं अंग धरलंय."

"अंगचीच तशी हाय ती."

"नाव काय हिचं?"

"धाकली."

"मग मी फाटकात असताना तुम्ही सोनी, सोनी करत होता, ती कोण?"

"ती... शेळी हाय आमची," वत्सला म्हणाली.

"तुझ्याकडं शेळी कवा होती गं?" कमळाक्कानं कुंपणावरून विचारलं. तिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतंच.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा घेतला आणि गेल्या. वत्सलाला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

रविवारी भेटीला नेलं की टेकडी जाखूबाईच्या कुशीला जाऊन टेकायची आणि वत्सला लांब दगडावर बसून राहायची. "आई दिसली की आमची वळख बी दाखवत न्हाई," ती बजरंगजवळ कुरकुरायची. "एवढं करून आम्ही परकीच."

"आई हाय ती तिची," बजरंग म्हणायचा. त्याला यापलीकडं बोलायचं सुचत नसे.

दसरा झाला आणि निरोप आला. जाखूबाई बरी झाली, धाकलीला आणून सोडा.

वत्सलानं निरोप ऐकला आणि अंगणातल्या चुलीपुढं बसून राहिली. कमळाक्का कुंपणाशी आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "वाट तुमच्याच रानातनं जाती न्हवं? बांधावर पोचलीस की मान वळव. हाय काय आन् न्हाय काय! टेकडी कायमची तुझी. सरकारच्या बापाला हलायची न्हाई."

"आणि कस्तुरी?" बजरंगनं गिरणीच्या दारातनं विचारलं.

वत्सलानं चुलीत लाकूड सारलं. जी पोर अजून घरात आली नव्हती, ती एका बाजूला. जिच्या अंगावर रोज पाटी पाटी माती घातली, ती दुसऱ्या बाजूला. आणि ती पोरसुद्धा एक दिवस अशीच परत द्यावी लागणार, हे आता तिला कळून चुकलं होतं.

सकाळी दोघं निघाली. मागून खडे घरंगळल्याचा आवाज येत होता, म्हणजे धाकली येत होती. ओढा झाला, पाणंद संपली, स्वतःचं रान आलं. बांधावर पाय ठेवला आणि मागचा आवाज थांबला.

वत्सलाही थांबली. "अहो, थांबली का हो ती?"

"मला काय पाठीला डोळं हाईत?"

"तिला हितंच ऱ्हावंसं वाटतंय."

"वत्सला, मान सरळ ठेव."

तिनं मान सरळ ठेवली, पण मानेच्या शिरा ताठल्या. एकदाच वळायचं होतं. आयुष्यभर अंगणातनं उठून रानात यायचं आणि आपली टेकडी बघायची. कुणी काही म्हणू शकलं नसतं, फार तर देसायांच्या शेजारी बसावं लागलं असतं. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायलाही तिनं मान हलवली नाही.

"धाकले," ती समोर बघत म्हणाली. सोनी म्हणाली नाही. "चल बाई. आई वाट बघत आसंल."

मागं एक खडा घरंगळला. मग दुसरा. मग सगळा आवाज सुरू झाला.

जाखूबाईच्या पायथ्याशी डोईफोडे मॅडम उभ्याच होत्या. धाकली आपल्या जुन्या जागेकडं गेली आणि जागेत मावेना. मॅडमनी वत्सलाकडं बघितलं. वत्सलानं पदर तोंडाला लावला. रोजच्या मातीच्या पाट्या आता सगळ्यांना दिसत होत्या. बजरंग खोरं आणायला निघणार, एवढ्यात जाखूबाई नव्या जाळ्यांसकट जराशी सरकली आणि तिनं लेकीला जागा करून दिली.

"आईनं घेतलं," मॅडम म्हणाल्या. "झालं तुमचं प्रशिक्षण. आता बघितलं तरी चालेल."

वत्सलानं वर बघितलं आणि ती हमसून हमसून रडली. बजरंगनं खांद्यावरचा पंचा दिला. तो गिरणीतला होता, त्यामुळे परतताना तिचं सगळं तोंड पांढरं झालं होतं.

दिवाळीच्या तोंडावर मॅडम कस्तुरीला एसटीनं घेऊन आल्या. स्टँडातल्या टेकडीपाशी त्यांनी पोरीला वत्सलाच्या हवाली केलं आणि त्या त्याच गाडीनं परत गेल्या. वत्सला पुढं निघाली, कस्तुरी मागून.

"मावशी, माझी चप्पल तुटली."

"हातात घे."

"बघा की हिकडं!"

"बघायचं नसतं, बाळ. बघितलं तर तू कायमची हितंच ऱ्हाशील. आई बरी झाली की तुला परत जायचंय."

हा नियम मुलांना लागू नाही असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. पण वत्सला धोका पत्करायला तयार नव्हती.

कस्तुरीनं थोडा विचार केला. मग हातात चप्पल घेऊन ती वत्सलाला वळसा घालून पुढं आली.

"मग मीच पुढं चालते की. तुम्ही मागनं बघा."

त्याला काही हरकत नव्हती. कुठं वळायचं ते वत्सला मागनं सांगत राहिली आणि घर येईपर्यंत तिच्याकडं पोटभर बघत राहिली.