भाषाविकासासाठी शांतता राखा

मूल बोलायला शिकते ते मोठ्यांनी त्याचे बोलणे नीट लिहून घेतल्यामुळे. आमच्या बालवर्गाने हे सत्य सर्वांआधी ओळखले. येथे तीन वर्षांवरील बालकाचा प्रत्येक शब्द नोंदवहीत उतरतो: वेळ, उद्देश, आणि बोलताना नाक वाहत होते किंवा कसे. (वाहत असल्यास पुसू नये. नोंद बिघडते.)

पूर्वी बाई मुलांशी बोलत. त्यामुळे कोणता शब्द कोणाचा, याचा घोळ होई. नव्या पद्धतीत बाईंनी बोलायचेच नाही. घोळ शंभर टक्के मिटला, मुलांचे शब्द ब्याऐंशी टक्के घटले आणि वह्या अशा स्वच्छ झाल्या की पाहून डोळे निवावेत.

अडचण एकट्या टिल्लीची. वय साडेतीन. महिनाभर तिच्या पानावर एक शब्द नाही. शुक्रवारपर्यंत पन्नास भरले नाहीत तर तिला रांगत्या मुलांत बसवायचे, असा नियम. आईच्या तोंडचे पाणी पळाले, कारण घरी ही मुलगी कान किटेपर्यंत बडबडे. तशी ती इथेही बोले, हात धुताना, मदतनीस मावशींशी. पण मावशींना पेन दिलेले नसल्याने ते बोलणे अधिकृत धरता येत नव्हते. विनापरवाना गप्पांबद्दल मावशींना लेखी समज मिळाली, तेव्हापासून नळावरही शांतता आहे.

शुक्रवारी पाच बाई टिल्लीभोवती वह्या उघडून बसल्या. तासभर कोणी हूं की चूं केले नाही. शेवटी टिल्लीने आपल्या बाईंची बाही ओढली.

"बाई, लिहून झालं की माझ्याशी बोलशील?"

बाईंना भडभडून आले. त्या हो म्हणणार, तोच मुख्य बाईंनी ओठांवर बोट ठेवले. सहा शब्द भरले. चव्वेचाळीस कमी पडले.

टिल्ली आता रांगत्यांच्या खोलीत असते. तिथे वही नाही, कारण तिथे कोणी बोलत नाही असे कागदोपत्री ठरलेले आहे. ती दिवसभर त्यांना काहीबाही सांगत असते. परिणामी चार रांगती मुले मुदतीआधीच बोलू लागली असून प्रकरण गंभीर आहे. चौकशी बसली आहे.

ती संपेपर्यंत पालकांनी घरी आमचीच पद्धत पाळावी. तुम्हाला हे सांगायला नकोच. इतके वाचून होईतो शेजारून दोनदा "बघ ना" असे ऐकू आले, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात.