सतरा दिवसांचं बटण

एका सेकंदाला बारा फोटो.

दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचं वरून दुसरं बटण.

‘बाहुल्याच खेळायच्या होत्या, तर एवढं शिकलीस कशाला?’ हे वाक्य. दोन वर्षांपूर्वीचं, पाहुण्यांसमोर बोललेलं.

काचेपलीकडे बावीस माणसं. त्यांतल्या एकाला सारख्या शिंका येतात.

समोरचं दुकान.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं त्या दुपारी पावणेतीनच्या आधी कुणी सांगितलं असतं, तर मास्तरांनी त्या माणसाला बसायला स्टूल दिलं असतं आणि पाणी विचारलं असतं. पावणेतीननंतर मात्र त्यांना स्वतःलाच स्टूल लागलं.

मास्तर म्हणजे शिंपी. कोटाचे कारागीर. अडतीस वर्षांत त्यांनी किती कोट शिवले याचा हिशेब नव्हता, पण लोंबतं बटण दिसलं आणि हात गप्प बसला असं एकदाही झालेलं नव्हतं. सुई कायम कॉलरच्या आत टोचलेली, तिच्याभोवती करडा दोरा गुंडाळलेला. दाढ काढायला गेले, तेव्हा तोंडाचा आ केलेला असतानाच त्यांनी वाकलेल्या डॉक्टरांच्या कोटाचं बटण चाचपडत घट्ट केलं होतं. डॉक्टरांना ते घरी गेल्यावर कळलं.

त्यांची धाकटी मुलगी, घरातली बारकी, सिनेमाच्या संग्रहालयात कामाला होती. खालच्या मजल्यावर जुने कॅमेरे, फिरवलं की आत घोडा पळतो अशी डबडी, मधल्या मजल्यावर पडद्यावरचे खेळ, आणि सगळ्यांत वर तिची काचेची खोली. त्या खोलीत ती वीतभर उंचीच्या बाहुल्या केसभर हलवायची, फोटो काढायची, पुन्हा केसभर हलवायची. बाहेर उभे राहून लोक बघायचे. मास्तरांच्या पाहुण्यांसमोरच्या त्या वाक्यानंतर तिने आईवडिलांना तिथे कधी बोलावलं नव्हतं आणि मास्तरांनीही कधी विषय काढला नव्हता. त्यामुळे परवा तिने आपणहून “बाबा, गुरुवारी या, माझा शॉट संपतोय” असं म्हटलं, तेव्हा मास्तरांनी त्या दिवशी दोन कोटांचं माप घ्यायचं होतं ते पुढे ढकललं. बायकोला फक्त एवढंच म्हणाले की गुरुवारी तसंही दुकानात फार काम नाही.

बारकीने दोघांना आत नेलं, दोन स्टुलांवर बसवलं. टेबलावर बसथांबा होता. बाकावर करडा कोट घातलेला एक म्हातारा बसला होता. समोर कॅमेरा, बाजूला पडदा. पडद्यावर तोच म्हातारा मोठा दिसत होता. फिकट दिसतो तो शेवटचा काढलेला फोटो, गडद दिसतं ते आत्ताचं, हे तिने समजावून सांगितलं. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले म्हणजे कुणी काही हलवलेलं नाही. सेकंदाला बारा फोटो, सतरा दिवसांचं काम, पडद्यावर सव्वा मिनिट. उद्यापासून खोली दुसऱ्या कुणाला जाणार होती, म्हणजे जे व्हायचं ते आजच.

आई मन लावून ऐकत होती. मास्तर बघत होते कोटाकडे. शिलाई बरी होती. बाही थोडी फुगली होती, पण बरी होती. फक्त मधलं बटण एकाच दोऱ्यावर, डावीकडे मान टाकून लोंबत होतं.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाईंचं बोलावणं आलं. बारकी उठली. “अर्ध्या तासात येते. टेबलाला टेकूसुद्धा नका, बाबा.”

“मी कशाला टेकतोय?” मास्तर म्हणाले.

आणि ते खरंच टेकले नाहीत. नुसते वाकले. आई पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती. बाटलीचं झाकण घट्ट होतं, ते निघायला दीड मिनिट लागलं असेल. झाकण निघालं आणि मास्तरांनी दोरा दाताने तोडला, हे एकदमच झालं.

“काय केलंत?”

मास्तरांनी चष्मा पुसला. म्हाताऱ्याचं बटण सरळ, ताठ, तीन वेढे आणि खाली लपवलेली गाठ अशा थाटात उभं होतं. “लोंबत होतं,” ते म्हणाले. त्यांच्या मते ही तक्रार नव्हती, खुलासा होता. पोरीने सतरा दिवस घातले, आणि बटण पडलं असतं तर सगळं हसं झालं असतं. आता नाही पडत. कोट फाटेल, बटण राहील.

काचेपलीकडे माणसं जमू लागली. त्यांच्यापुढे एक गाईड मुलगी, कानाशी माईक लावलेली. तिचा आवाज खोलीतल्या छोट्या स्पीकरवरही येत होता.

ती म्हणाली, आपलं नशीब चांगलं आहे, आज काम चालू असताना बघायला मिळतंय. बावीस जणांनी मास्तरांकडे आदराने पाहिलं. एकाला शिंक आली. मास्तरांनी नकळत मान हलवून नमस्कार स्वीकारला.

“या सगळ्या गोष्टीत घडतं ते एवढंच,” स्पीकर म्हणाला. “एक बटण सतरा दिवस सैल होत जातं. रोज केसभर. म्हाताऱ्याला ते कळत नाही, फक्त आपल्याला कळतं. आज त्या बटणाचं काय होतं, ते उद्या पडद्यावर.”

पाण्याची बाटली आईच्या हातात तशीच तिरकी राहिली आणि पाणी तिच्या चपलेवर पडत राहिलं.

“सतरा दिवस,” आई म्हणाली.

“ऐकलं.”

“केसभर केसभर.”

“ऐकलं, म्हटलं ना.”

मास्तर खाली बसले. स्टूल होतं म्हणून बरं. दोन वर्षं त्यांच्याशी हवापाण्याखेरीज न बोललेल्या पोरीने विश्वासाने आत आणून बसवलं होतं, आणि त्यांनी अर्ध्या तासाच्या आत, खरं तर चार मिनिटांच्या आत, तिच्या सिनेमाचा गळा टाके घालून शिवला होता. त्यांना रडू येण्याच्या बेतात होतं, पण बावीस माणसं बघत होती.

आईने घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती. चोवीस उरली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. “अहो, इकडे बघा. फिकट बटण खाली लोंबतंय, गडद बटण वर ताठ. तुम्ही गडद नेऊन फिकटावर बसवा. चौकडीच्या कापडावर खिसा बसवता ना, रेघेला रेघ, तसं.”

हे मास्तरांना एकदम कळलं. आयुष्यात चौकडी जुळवताना ते कधी सूतभरही चुकले नव्हते. त्यांनी आपलेच टाके उसवायला घेतले. काचेबाहेर कुणीतरी “चुकलं वाटतं त्यांचं,” असं म्हणालं, आणि एक बाई म्हणाल्या की मोठे लोक असंच करतात, मनासारखं होईपर्यंत मोडतात.

उसवलं. पण जुना दोरा? लोंबणारा, विरलेला, खरा दोरा त्यांनी सवयीने तोडून फुंकून टाकला होता. खाली फरशी करडी. दोरा करडा. दोघं गुडघ्यांवर उतरली. बाहेरची माणसं वाकली. गाईडने सांगितलं की कलाकार आता कॅमेऱ्याचा कोन तपासत आहेत. चार मिनिटं गेली. शेवटी तो दोरा आईच्याच बाहीवर सापडला.

मग खरी अडचण आली. मास्तरांना वाईट शिवता येत नव्हतं.

त्यांनी जुना दोरा ओवला, बटणाला घातला, आणि हात आपोआप गाठ मारून मोकळा झाला. सोडलं. पुन्हा घातलं. पुन्हा बटण सरळ, सभ्य, माणसात आलेलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून शिवलं. त्यात ते आधीपेक्षा घट्ट बसलं.

“सैल सोडा की.”

“सोडतोय. राहत नाही.”

“ओढू नका हो.”

“मी ओढत नाही. हात ओढतो.”

सोळा मिनिटं झाली. बाहेर शिंका थांबल्या, म्हणजे तो माणूसही श्वास धरून होता. आईने पतीकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठांत दोरा. मग ती हळूच, शिवी द्यावी तशी, म्हणाली:

“समोरच्या दुकानासारखं शिवा.”

मास्तरांनी वर पाहिलं. समोरच्या दुकानात नऊ वर्षांपूर्वी एक माणूस येऊन बसला होता. तो बटणाला दोनच टाके घालायचा आणि वर गिऱ्हाइकाला फुकटचं हसून दाखवायचा. मास्तरांनी डोळे मिटले. त्याचं ते हसू आठवलं. त्याची ती मांडी हलवत शिवायची पद्धत आठवली. मांडी हलायला लागली. बोटं ढिली पडली. सुई एका भोकातून गेली आणि दुसऱ्यातून यायचा कंटाळा केला.

बटण डावीकडे मान टाकून लोंबलं.

“आलं,” आई पडद्याला नाक लावून म्हणाली. “अजून खाली. जरा. बास. बसलं.” मग थांबून, “अहो, हात दोन दिसतायत.”

“कुणाचे?”

“त्याचे. म्हाताऱ्याचे. तुमचं कोपर लागलं वाटतं.”

उजवा हात केसभर वर गेला होता. मास्तरांनी सुईच्या टोकाने तो खाली आणला, इतक्या हळू की बाहेरच्या एका बाईंनी शेजारणीचा दंड धरला. पडद्यावर दोन हातांचा एक हात झाला. बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी दार उघडलं.

बारकी आत आली. सोबत संग्रहालयाच्या बाई. मास्तर स्टुलावर होते, हात मांडीवर, शाळेच्या फोटोत बसतात तसे. बारकीने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिने एक कळ दाबली: शेवटचा फोटो. पुन्हा दाबली: आत्ताचं. शेवटचा. आत्ताचं. शेवटचा.

“कुणी काही हलवलं का?”

“नाही,” दोघं एकदम म्हणाली.

अजून एकदा टक. “जुळतंय,” बारकी म्हणाली.

आईने श्वास सोडला. तो इतका मोठा होता की बसथांब्याचा कागदी फलक हलला. तिघांनीही फलक थांबेपर्यंत वाट पाहिली.

मग बारकी बाईंना म्हणाली, “हे माझे बाबा. मी सांगितलं होतं ना, तेच.” आणि वडिलांकडे वळली. “बाबा, बटण पडायचं नाहीये. सतरा दिवस सगळ्यांना वाटतं पडणार. शेवटी वरून एक मोठा हात येतो आणि ते शिवतो. म्हाताऱ्याला तेही कळत नाही. मी माझ्या हाताने करून पाहिलं. खोटं दिसतं. पडद्यावर लगेच कळतं की हे शिंप्याचे हात नाहीत.” ती थांबली. “तुम्ही शिवाल का?”

मास्तरांना हो म्हणायचं होतं. विचारलं ते भलतंच. “किती वेळ लागेल?”

“सुई थोडी हलवायची, थांबायचं, फोटो. परत थोडी हलवायची. चार तास तरी.”

“मघाशी तर दीड मिनिटात...”

“मघाशी म्हणजे?”

“दुकानात,” आई म्हणाली. “मघाशी दुकानातलं म्हणतायत ते.”

बारकीने कॅमेरा जवळ आणून बटण पडद्यावर मोठं केलं. आता ते ताटाएवढं दिसत होतं. आजूबाजूच्या कापडाला तिने पाडली असतील त्याहून बरीच जास्त भोकं दिसत होती. तिने भोकं पाहिली, वडील पाहिले, आईची ओली चप्पल पाहिली. मग दिवा जरासा तिरका केला. भोकं सावलीत गेली.

“हात इथून आणा, बाबा. आणि नेहमीसारखं शिवा. चांगलं.”

“तेच येतं,” मास्तर म्हणाले.

“सुई-दोरा आणलाय ना?”

“माझ्याकडे असतोच की,” ते म्हणाले आणि कॉलर उलटी केली. आई त्या वेळी छताकडून खाली आलेल्या एका साध्या वायरीकडे अतिशय रस घेऊन बघत होती.

पहिला फोटो निघाला. मास्तर श्वाससुद्धा विचारून घेत होते. बाहेर नवी माणसं आली होती आणि गाईड त्यांना सांगत होती की आपलं नशीब चांगलं आहे.

त्या दिवशी सकाळी सव्वाआठला घरी फोन आला होता. बारकी म्हणाली होती, बाबांना सांग, येताना सुई आणि करडा दोरा घेऊन या, माझं त्यांच्याकडे एक काम आहे, मी सांगेपर्यंत हात लावू नका. फोन आईने घेतला होता.