पोट चव्वेचाळीस, दाखवतात बेचाळीस

टेलर मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं, खडू कानामागे खोचला आणि न बघताच मागच्या फळीकडे हात नेला. हाताला थंडगार काच लागली. वळून पाहिलं, तर फळीवर काचेच्या बरण्या ओळीने उभ्या. एकीत बटणं, एकीत हूक, एकीत रिळं. दिसायला छान होतं. मास्तरांनी बरण्यांच्या मागेही हात घालून पाहिला.

लेक पंधरा दिवसांसाठी राहायला आली होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, त्यामुळे कशात काय उतरतं हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. स्वयंपाकघरातले आइस्क्रीमचे आणि लोण्याचे जुने डबे पाहून तिने कपाळाला हात लावला. यात गरम जेवण ठेवलं की प्लास्टिकही पोटात जातं, हे तिने बापाला दोन जेवणं होईपर्यंत समजावलं. शेवटी मास्तर कंटाळून म्हणाले, "घरातलं सगळं प्लास्टिक काढून टाक बाई, पण मला जेवू दे."

सगळं म्हणजे पुढच्या खोलीतलं दुकानही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कारण फळीवरचे ते साठेक डबे मास्तरांच्या लेखी डबे नव्हतेच. ती वही होती.

गिऱ्हाईक आलं की मास्तर टेप लावायचे आणि कोपऱ्यात काजं करत बसलेली बायको माप लिहून घ्यायची. वह्या हरवायच्या, म्हणून तिने दर गिऱ्हाइकाचा एक डबा केला. आत उरलेली बटणं, बाहेर काळ्या मार्करने माप. मास्तर पडले भिडस्त. माणूस जेवढं पोट दाखवेल तेवढाच आकडा ते मोठ्याने म्हणायचे. बायकोची नजर मात्र टेपवर नसायची, माणसाच्या नाकावर असायची. तो श्वास सोडेपर्यंत ती थांबायची, मग खरा आकडा लिहायची आणि खाली एखादी ओळ. तिला जाऊन वर्ष झालं होतं. मास्तर अजून तिच्याच आकड्यांवर कापत होते, आणि अजून एकही पँट परत आली नव्हती.

"डबे कुठे गेले गं?"

"रोपवाल्या काकूंना दिले, धुऊन. उद्या शाळेच्या कार्यक्रमात प्लास्टिकच्या भेटवस्तू नाहीत, जुन्या डब्यांतून रोपं देणार आहेत." बापाचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "का हो बाबा? बटणं काढून घेतली की मी. रिकामेच होते ना?"

"आतून रिकामे होते," मास्तर म्हणाले.

तिने बाहेरचं वाचलंच नव्हतं. आईचं अक्षर दिसलं की वर्षभर ती नजर दुसरीकडे वळवत आली होती. ती तशीच रोपवाटिकेकडे पळाली. तिथे कुलूप.

इकडे दारात शाळेचे हेडसर हजर. उद्याच्या कार्यक्रमाला नवी पँट हवी होती, नेहमीच्याच मापाची. नेहमीचं माप तर डब्याबरोबर गेलं होतं. मास्तरांनी नाइलाजाने टेप लावली. हेडसरांनी छताकडे पाहिलं, छाती पुढे आली, पोट कुठेतरी निघून गेलं आणि टेपवर बेचाळीस दिसलं. हा आकडा खरा नाही हे मास्तरांना कळत होतं. पण खरा कोणता, ते कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. त्यांनी बेचाळीसच्या मापाने कापली.

सकाळी पँट पोचवून बाप-लेक काकूंकडे गेले. गाडी पहाटेच शाळेत गेली होती. "वर लिहिलेलं घासून पाहिलं," काकू सांगत होत्या, "पण जाईना. मग म्हटलं राहू दे, तेवढंच घरगुती वाटतं."

शाळेच्या सभागृहात लांबलचक टेबलांवर डबे मांडले होते. डब्यात माती, मातीत रोप, आणि अक्षरं पाहुण्यांकडे. पाहुण्यांत अर्धे मास्तरांचे गिऱ्हाईक. एका डब्यावर होतं, "डॉक्टर. कंबर ४०. ३६ म्हणतात. वाद घालू नये." शेजारी, "बँकेचे साहेब. मागे काही नाही. मोठे खिसे लावणे, भरल्यासारखं दिसेल." मास्तर एका टोकाने आणि लेक दुसऱ्या टोकाने डबे भिंतीकडे फिरवू लागले. त्यांच्या मागून एक उत्साही बाई तितक्याच मन लावून ते पुन्हा सरळ करत आल्या. पानांचा चेहरा लोकांकडे हवा, असं त्यांचं म्हणणं.

तोवर हेडसर मंचावर बोलायला उभे राहिले. उभेच होते म्हणा, खुर्ची तीनदा पुढे करूनही ते बसले नव्हते. तीन-तीन शब्दांनी थांबत ते म्हणाले की एरवी हे डबे कचऱ्यात गेले असते, आणि त्यांनी मंचालगतच्या टेबलावरचा पहिला डबा उचलला. कुणी दिला ते वाचायला चष्मा लावला. मग मनातच वाचलं.

"हेडसर. पोट ४४. श्वास धरून ४२ दाखवतात. ४४ शिवणे, ४२ सांगणे. माणूस चांगला आहे."

मास्तरांनी डोळे मिटले. ती गेली, आता तिचं अक्षरही गेलं आणि त्यापाठोपाठ दुकानही, असं त्यांना वाटलं.

हेडसर डबा घेऊन खाली आले आणि मास्तरांचं कोपर धरून त्यांना पडद्यामागे घेऊन गेले.

"ही पँट कितीची?"

"बेचाळीसची."

"आणि आधीच्या?"

"चव्वेचाळीस, सर. सगळ्या."

हेडसरांनी डबा फिरवून अक्षरं आपल्याकडे केली. "सोळा वर्षं घरी सांगतोय, माझं माप बदललेलं नाही," ते म्हणाले. मग हळूच, "उसवता येईल?"

सुई-दोरा मास्तरांच्या खिशात कायमचा. शिवणीत दोन इंच जादा कापडाची माया सोडायचीच, हा बायकोचा दंडक त्यांनी अजून मोडला नव्हता. दहा मिनिटांत कंबर मोकळी झाली. हेडसरांनी श्वास सोडला. बराच वेळ ते तो सोडतच होते. मग जाऊन ते सलग पाऊण तास बोलले आणि लोकांनी त्याचा दोष पँटला दिला नाही, एवढंच.

उसवण्याच्या त्या दहा मिनिटांत ज्याने त्याने आपापला डबा शोधून काखोटीला मारला होता. कुणीच कुणाला काय लिहिलंय ते विचारलं नाही. मास्तर परतले तेव्हा टेबलं रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दुकानात आले. त्यांनी रोपासकट डबा फळीवर ठेवला. "माप यावरच आहे ना? मग इथेच असू दे. पाणी घालत जा." दुपारी बँकेचे साहेब आले, खिसे आणखी मोठे होतील का विचारून गेले. आठवडाभरात फळी हिरवीगार झाली. बरण्या लेकीने स्वतःच स्वयंपाकघरात नेल्या.

शेवटी काकू आल्या. एक डबा टेबलाखाली राहिला होता, नाव कळत नव्हतं म्हणे. मास्तरांनी हा कधी पाहिलाच नव्हता. हुकांचा डबा, तो बायकोच वापरायची.

"हे. पोट ३८. ३५ समजतात. हेसुद्धा श्वास धरतात. मी सांगितलेलं नाही."

या वेळी लेकीने नजर वळवली नाही. तिने दोनदा वाचलं, नाक पुसलं आणि टेप काढून बापाच्या कमरेला लावली. मास्तरांनी छताकडे पाहिलं.

"बाबा," लेक म्हणाली, "सोडा आता."

मास्तरांनी श्वास सोडला. टेप सरकत सरकत बरोबर अडतीसवर येऊन थांबली.