गफूरभाईंचं सिरोंच्याला जायचं

मे महिन्यातली भर दुपार. धानोऱ्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, कुत्री नालीत उतरून बसली होती, आणि गफूरभाई माझ्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरले ते अंगात लोकरीचा स्वेटर, गळ्यात मफलर आणि डोक्यावर कानटोपी अशा थाटात. आल्याबरोबर छताकडे बोट दाखवून म्हणाले, "पंखा बंद करा ना बाई. माणूस काकडून मरन अशानं."

मी पंखा बंद केला नाही. पंखा माझा, बूथ माझा आणि घामही माझाच, असं त्यांना सुनावलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मफलर घट्ट करून ते फोनच्या केबिनमध्ये गेले. ती केबिन म्हणजे चारी बाजूंनी काच, वर पत्रा, आत वाऱ्याची झुळूक नाही. बाकीची गिऱ्हाइकं तिथून बाहेर पडताना पाणी मागायची. गफूरभाई आत गेले की त्यांचा चेहरा खुलायचा. म्हणायचे, "इथी कसं बरं वाटते."

आता गंमत अशी, की हा माणूस पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा बापजाद्याचा धंदा. दिवाळी सरली की खांद्यावर ती भलीमोठी पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. आमच्याकडे जंगलामुळे थंडी कडक. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरोघर पाहुणे येतात, त्यांना पांघरायला द्यायचं म्हणून लोक रजया नव्या करून घेतात. म्हणजे हिवाळा त्यांना भाकर देत होता, आणि त्यांना वावडं होतं तेही हिवाळ्याचंच. धंद्याचा असा मार खाताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही.

माझं सांगायचं तर माझा एक पाय लहानपणी पोलिओनं गेला. अपंगांच्या कोट्यातून हा बूथ मिळाला, आणि दिवसभर एका जागी बसून गावाची सुखदुःखं ऐकणं नशिबी आलं. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येणारच. त्या काळात आमच्या लाइनी अशा होत्या की जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या सिरोंच्याशी बोलताना माणूस इतकं ओरडायचा, की फोन हातात नसता तरी चाललं असतं. पलीकडचाही तसाच ओरडायचा. मग गुपित कसलं राहतंय?

गफूरभाई दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की यायचे. फोन सिरोंच्याला, त्यांच्या मुलाला, सलीमला. सलीमचं तिथे सायकलचं दुकान. त्याच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या मेडिकलमध्ये होता. शुक्रवारी तो आधीच तिथे येऊन उभा राहायचा. बापलेकांचं बोलणं घरच्या हिंदीत व्हायचं, मी आपल्या बोलीत सांगते. पहिला प्रश्न ठरलेला: गरमी कशी आहे? सलीम सांगायचा, चांगली आहे. मग गफूरभाई एखादी अडचण काढायचे. सलीम म्हणायचा, बघतो. शेवटी हे म्हणायचे, "मी विचार करून राह्यलो." आणि फोन ठेवायचे.

हा विचार कित्येक वर्षं चालू होता. विषय एकच, की धानोरा सोडून गरम मुलखात, सलीमकडे सिरोंच्याला, राहायला जावं की नाही.

मूळ भानगड जुनी. सलीमला पिंजण धरायची नव्हती. कापसाच्या धुळीनं त्याला खोकला यायचा आणि सायकलच्या चाकात त्याचा जीव. एक दिवस घर सोडून तो सिरोंच्याला गेला, तिथेच लग्न केलं आणि सासऱ्याच्या घरात राहिला. पोरगा घरजावई झाला हे गफूरभाईंच्या मनाला फार लागलं. बापलेकांचं बोलणं तुटलं ते पार हमीदाबी, म्हणजे गफूरभाईंची बायको, जाईपर्यंत. मयतीला सलीम आला, थोडे दिवस राहिला, पण दोघं एका खोलीत बसून भिंतीकडे पाहायचे. शेवटी एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवून सलीम म्हणाला, "अब्बा, इथी थंडी गजब आहे. तिकडे गरम राहते. या तिकडे." आणि गफूरभाई म्हणाले, "विचार करतो."

त्या दिवसापासून त्यांना थंडी वाजू लागली. त्याआधी पौषातही हा माणूस नुसत्या बनियनवर कापूस पिंजायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरकारी दवाखान्यात तपासलं, काही निघालं नाही. डॉक्टरांनी पालक खायला सांगितलं. गफूरभाईंनी पालक खाल्ला आणि वरून आणखी एक स्वेटर घातला.

समोरच्या मडावीच्या चहाच्या टपरीवर या प्रकरणाच्या दोन पार्ट्या पडल्या होत्या, एक जा म्हणणारी आणि एक नका जाऊ म्हणणारी. मडावी स्वतः तिसराच. त्याचं म्हणणं, गरमीच पाहिजे तर चंद्रपूरला जा, सिरोंच्याच्या एस.टी.त बसून हाडं कशाला मोडून घेता. यावर गफूरभाई एखाद्या जाणकारानं तांदळाचे वाण सांगावेत तसं गरमीबद्दल सांगायचे. चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, गरमी कोळशाची, कोरडी, उन्हाळ्यात येते आणि जाते, तिच्यावर भरवसा नाही. सिरोंच्याची नदीची, ओली, दिवाळीतही माणसाला सोडत नाही. "गरमी अशी पायजे," ते म्हणायचे, "का हिवाळ्यात संग देईन." सिरोंच्याला त्यांनी जन्मात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

अडचणी मात्र काय एकेक! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिली म्हणजे धंदा. गरम मुलखात रजई कोण घेणार? सलीमनं महिनाभरानं सांगितलं, लॉजवाल्याशी बोललोय, गाद्या तर लागतातच. मग भाषेचं निघालं. तिकडे लोक तेलुगू बोलतात, माणसानं कुणाशी बोलावं? सलीम म्हणाला, नातू आहे ना, तो सांगेल. तरी गफूरभाईंनी तयारी म्हणून एक शब्द पाठ केला, 'नीळ्ळू', म्हणजे पाणी. वर्षभर तेवढाच. पुढचा शब्द काऊन नाही शिकत, असं विचारलं तर म्हणाले, तहान भागली म्हणजे बाकीचं उशिरा शिकता येते. नंतर जेवण. तिकडे मिरची फार. सुनेनं निरोप पाठवला, तुमचं कमी तिखटाचं सालन वेगळं करीन. मग त्यांची शेळी. ती कधी एस.टी.त बसलेली नाही, तिला वांती झाली तर? सलीमनं बांबूच्या ट्रकवाल्याशी बोलून तिचीही सोय लावली. हे सगळं ओरडून, खरखरत्या लाइनीवर. शेळीच्या वांतीवर तर मेडिकलवाल्यानंही मध्येच सल्ला दिला.

मला धरसोड माणसांचा संताप येतो. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. जायचं तर जा, नाही तर त्या पोराला स्पष्ट सांगा. एकदा मी तोंडावर म्हटलं, गफूरभाई, तळ्यात की मळ्यात हा खेळ पोरांचा, तुमची दाढी पांढरी झाली. ते हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर म्हनता. मी विचार करून राह्यलो."

मग एका शुक्रवारी त्यांनी खोलीचा मुद्दा काढला. सासऱ्याचं घर, त्यात आपण कुठे राहणार? आणि राहिलोच तर ती खोली थंड असली तर? यावेळी सलीम नुसतं 'बघतो' म्हणाला आणि पुढचे काही शुक्रवार खोलीबद्दल बोललाच नाही. गफूरभाई खुशीत होते. ही अडचण भारी निघाली असं त्यांना वाटलं असावं.

आणि एक दिवस सलीम ओरडून म्हणाला, अब्बा, खोली झाली. वेगळी, आपल्या पैशानं, दुकानाच्या मागं. तोंड पश्चिमेला ठेवलंय, म्हणजे दुपारनंतर सगळं ऊन आत. वर मातीचे कवेलू घातलेच नाहीत, टिन टाकलं. मिस्त्री म्हणत होता, यात माणूस भाजून निघेल, मी म्हटलं तेच पायजे.

मी पावती फाडता फाडता थांबले. आमच्या भागात माणूस घर बांधतो तो आधी सावली पाहतो. या पोरानं बापासाठी हौसेनं भट्टी बांधली होती.

केबिनमध्ये गफूरभाई मफलरचं टोक पिळत उभे. तोंड उघडायचे, मिटायचे. पलीकडून सलीम विचारत होता, अब्बा, आता काय राहिलं? मीटर पळत होतं. शेवटी त्यांनी न बोलताच फोन ठेवला. नेहमीचं वाक्यसुद्धा म्हणाले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, बांधाबांध चालली असेल. मडावीनं सांगितलं, कसली बांधाबांध, माणूस ओसरीवर बसून आहे, पिंजणीला हात लावत नाही. मी कुबडी घेतली आणि त्यांच्या घरी गेले. मनात ठरवून गेले होते, की आज याला एस.टी.त बसवूनच येणार.

शेळी खुंट्याला होती, कापूस तसाच पडला होता. मी सरळ विचारलं, पोरानं एवढं केलं, आता तुमचं घोडं कुठे पेंड खातंय? ते कानटोपीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग हळू आवाजात बोलले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचं हळू बोलणं पहिल्यांदाच ऐकलं.

"बाई, हाव म्हनलं तं फोन बंद होते. नाई म्हनलं तरी बंद होते. तो फोनवरच बोलते माह्यासंगं. समोर बसलो का आमी दोघं मुके. तिथी जाऊन त्या टिनाच्या खोलीत मी भिताडाकडे पाहू का? माह्याजवळ आता एकबी अडचन नाई उरली, बाई. मंग बोलू काय त्याच्यासंगं?"

माझी तोंडात तयार ठेवलेली सगळी भाषणं तिथेच विरली. इतकी वर्षं मी या माणसाला चंचल समजत होते. अन् तो आठवड्याला एक अडचण शोधत होता, कारण आठवड्याला एकदा मुलाचा आवाज पाहिजे होता. चहा घेतला आणि परत आले.

चार-दोन दिवसांनी, शुक्रवार नसतानाच, सकाळी माझ्या बूथचा फोन वाजला. सलीम होता. आधी अब्बांची तब्येत विचारली. बरी आहे म्हटलं. मग म्हणाला, बाई, अब्बाले बोलवून देता का, अर्जंट आहे. अर्ध्या घंट्यानं परत लावतो.

अर्जंट म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ, कुणी तरी गेलं. मी मडावीला हाक मारून पिटाळलं. गफूरभाई पळत आले. स्वेटर नाही, मफलर नाही, पायात चप्पल नाही. फोन वाजताच केबिनमधला रिसीव्हर मीच उचलून त्यांच्या हातात दिला.

"अब्बा," सलीम पलीकडून ओरडला, "एक गोष्ट सांगायची राहून गेली. इथी मच्छर गजब आहेत. खोली तं बांधली, पन नदी जवळ, सांजच्याला मच्छराचा ढग येते. तुमाले झोप नाई लागायची. तुमी घाई नका करजा, अब्बा. नीट विचार करा."

गफूरभाई केबिनच्या काचेला टेकले. मला वाटलं, चक्कर आली. पण ते हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

सलीम सांगू लागला. लहान आहेत, मोठे आहेत, पावसाळ्यात जास्त, धुरानं जात नाहीत. गफूरभाई म्हणाले, एवढे असतील तर नुसती मच्छरदानी पुरणार नाही, कापड दाट पाहिजे. मग कापडावर निघालं, तिथून नदीवर, नदीवरून नातवाच्या पोहण्यावर. इतकं लांब बोलणं त्यांचं कधी झालं नव्हतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांना मी डोळे वटारून बसवून ठेवलं.

बोलणं झाल्यावर ते बाहेर आले आणि बाकावर बसले. मी पाण्याचा गिलास दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "त्यालेबी करमत नाई वाटते."