कागदावर आहे ते दगडावर

थोरल्या नातीचे दुधाचे दात पडायला लागले, त्याच वर्षी डॉक्टरांनी म्हातारीचं पोट दाबून पाहिलं, हात धुतले आणि म्हणाले, "तीन आठवडे. फार तर चार."

म्हातारी म्हणाली, "मग माझा दगड लगेच करायला घ्या. मला वाचून जायचंय!"

तिचा म्हातारा कबरीचे दगड कोरायचा. चव्वेचाळीस वर्षांत आपल्या हातून एक अक्षर चुकलं नाही, ही त्याची फुशारकी. त्यातली पहिली तीस वर्षं त्याला वाचताच येत नव्हतं! गिऱ्हाइकाने कागद द्यायचा, त्याने तो दगडावर चिकटवायचा आणि रेघेवरून छिन्नी चालवायची. कागदावर आहे ते दगडावर, हा नियम. एकदा कागदावर माशी चिरडली होती, ती त्याने पायांसकट कोरली. ठिपका शोभून दिसतो म्हणून गिऱ्हाइकाने वर शाबासकी दिली!

मग एक दिवस बायकोने त्याला फुटक्या लादीसमोर बसवलं, हातात खडू दिला आणि अक्षरं गिरवून घेतली. सगळी.

हल्ली कागद सून काढायची. तिने पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. मजकूर घातला की मापात बसवलेला कागद छापून बाहेर!

"आई, काय लिहू?"

"नाव, जन्मसाल आणि खाली माझं वाक्य. 'अहो, कडी लावली का?' चांगल्या दुहेरी अवतरणचिन्हांत हं! मी बोललेय ते माझंच दिसलं पाहिजे."

हे वाक्य ती लग्नापासून रोज बोलत आलेली. आणि दर वेळी म्हातारा फणकारायचा, "म्हणजे मी विसरभोळा, असंच ना?"

सुनेने मजकूर घातला. प्रोग्रॅम आडवा झाला!

"काय झालं गं?" म्हातारा खेकसला.

"बाबा, मजकूर कुठे संपतो हे यंत्राला दुहेरी अवतरणचिन्हावरूनच कळतं. आईंचं वाक्य सुरू होतंय तिथेच त्याला वाटलं, संपलं!"

"तिचं बोलणं सुरू होताच संपलं? असं यंत्र मला चाळीस वर्षांपूर्वी का नाही मिळालं!"

आतून म्हातारी खोकत म्हणाली, "ऐकू येतंय मला!"

सुनेने त्या दोन्ही चिन्हांच्या आधी एकेक तिरकी रेघ दिली. ही रेघ फक्त यंत्राच्या कानात सांगायला असते, कागदावर उमटत नाही. प्रोग्रॅम उठून बसला. पण आता कागद ठेवायचा फोल्डर सापडेना. फोल्डरचं नाव naveen, आणि फोल्डरच्या पत्त्यात त्या नावाआधी तीच तिरकी रेघ. रेघेपुढे n दिसला की यंत्र नवी ओळ सुरू करतं. पत्त्याचे दोन तुकडे!

तिने भावाला फोन लावला.

"ताई, पत्त्याच्या आधी r लाव. मग यंत्र तिरक्या रेघांना हात लावत नाही, आहेत तशा ठेवतं."

"फक्त पत्त्याला ना?"

तेवढ्यात आत म्हातारीला उलटी झाली. सून फोन टाकून धावली. परत आली ती दिसेल त्या ओळीला r लावत सुटली. पत्त्यालाही, मजकुरालाही! प्रोग्रॅम मुकाट चालला. कागद निघाला. तिने तो न बघताच सासऱ्याच्या हातात दिला आणि पुन्हा आत पळाली.

म्हाताऱ्याने कागद दगडावर चिकटवला आणि थबकला. अवतरणचिन्हांच्या आधी एकेक तिरकी रेघ! हे काय बुवा? बायकोने सगळं शिकवलं होतं, हे नव्हतं. विचारावं? बहात्तराव्या वर्षी, मरणाऱ्या मास्तरणीला सांगायचं की विद्यार्थी अजून कच्चाच आहे? नियम तो नियम! त्या दोन रेघा तर त्याने सगळ्यांत खोल कोरल्या. सहा दिवस लागले.

सातव्या दिवशी चौघांनी दगड खोलीत आणला. सुनेने पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा! या रेघा कोरायच्या नव्हत्या!"

"कागदावर होत्या!"

"माझी चूक. दुसरा दगड कधी येईल?"

"दीड महिन्याने."

म्हातारी सांगाड्यासारखी उशीला टेकून बसली होती. तिने चष्मा मागितला आणि शाळा तपासायला आल्यागत दगड वाचला.

"ही तिरकी रेघ कसली?"

सून रडतच म्हणाली, "आई, पुढचं चिन्ह आहे तसंच घे, त्याचा भलता अर्थ लावू नकोस, असं यंत्राला सांगायची खूण आहे ती."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता ढास लागली, पाणी पाजावं लागलं.

"असू दे तशीच. अगं, हे वाक्य मी सत्तेचाळीस वर्षं बोलतेय आणि हा माणूस रोज त्याचा भलताच अर्थ लावतोय. ही खूण आधी मिळाली असती, तर अर्धी भांडणं वाचली असती!"

"म्हणजे चूक माझीच, असंच ना?" म्हातारा फणकारला.

"बघ! लावला अर्थ!"

मग ती दमून आडवी झाली आणि जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "अहो, कडी लावली का?"

म्हातारा उठला आणि दाराची कडी लावून आला.

म्हातारी त्या वर्षी नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता वारली. ती तारीख म्हाताऱ्याने कागदाशिवाय कोरली, आणि ओळ खाली घसरली.