विनाचालक, विनाथांबा

आमच्या भागात पाण्याबद्दल दोनच प्रश्न विचारतात. आहे का, आणि असेल तर किती खोल आहे. आमचे थोरले साडू सुखदेवभाऊ तिसराच विचारतात. "पानी किती लांब हाय?"

हा प्रश्न ते कुठंही विचारतात. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही देऊळगाव राजाला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली, आणि मुलीचे वडील मोठ्या हौसेनं आम्हाला नवं शेततळं दाखवायला घेऊन गेले. सगळ्यांनी वाकून पाहिलं, माना डोलावल्या. सुखदेवभाऊंनी मात्र चपला काढल्या आणि काठाकाठानं लांब लांब टांगा टाकत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेले. परत येऊन म्हणाले, "लांबी कमी पडते. वेग पकडाच्या आत काठ येते."

मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. त्या बिचाऱ्याला वाटलं, पाहुणे शेततळ्यावरून स्थळ मोडताहेत. त्यानं हात जोडून सांगितलं की पुढच्या साली वाढवून घेतो. लग्न जमलं, झालं, पुतण्याला मुलगीही झाली. शेततळं तेवढंच आहे. त्या घरी आजही भाऊंचं नाव 'ते लांबीवाले पाहुणे' असंच घेतात.

लांबी कशाला, तर सुखदेवभाऊंना पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम मोडायचा आहे. मोताळ्यात राहून.

हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं ते सांगता येणार नाही, पण शिरलं ते माझ्याच मोबाइलमधून, असं माझ्या बायकोचं, मंदाचं म्हणणं आहे. मी एकदा त्यांना एक व्हिडिओ दाखवला होता. परदेशात कुणा एका गड्यानं घराच्या परसात बोट बांधली आणि ती ताशी पाचशे किलोमीटरच्या वर पळवली. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, अजून कुणी ते मोडलेलं नाही. मोडायला गेलेल्यांपैकी काही जण तर परत आलेच नाहीत. मी हे सगळं 'काय काय माणसं असतात जगात' या अर्थानं दाखवलं होतं. भाऊंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "परसात बांधली म्हनते. परस त आपल्यालेबी हाय."

भाऊ एस्टीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी मोताळा, मलकापूर, बुलडाणा आणि मधला राजूर घाट. कधी कुणाला खरचटू दिलं नाही. अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला त्यांच्या कपाटात आहे आणि कमलताई, म्हणजे त्यांची बायको, मंदाची थोरली बहीण, तो दिवाळीला घासून पुसून ठेवतात. पण भाऊंच्या मनात एक सल होता. एस्टीच्या गाडीला वेगाचं कुलूप असतं. ठरलेल्या आकड्याच्या पुढं काटा जातच नाही. आणि भाऊ तर त्या आकड्यापर्यंतही कधी गेले नाहीत. "जिंदगीत एकदा पाय पुरा दाबून पाह्याचा हाय, साडूभाऊ," ते मला म्हणाले. "एकदाच. खालपर्यंत."

कमलताई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, घरातही यांचा काटा कधी साठच्या वर गेला नाही.

बोटीत माणूस बसवायचा नाही, ही भाऊंची पहिली आणि शेवटची अट. बाकीच्यांनी तिथंच चूक केली, असं ते सांगत. रेकॉर्ड करायला बोट पुरते, माणूस कशाले न्या संगं? माणूस घरी ठेवावा, त्याले जेवू घालावं.

या प्रकल्पात मी तांत्रिक सल्लागार होतो. मी बँकेत असतो. माझ्या हातून भिंतीत खिळासुद्धा सरळ जात नाही, आणि पाण्याचं म्हणाल तर मी आंघोळीलाही बादली लांब ठेवून बसतो. पण माझ्या मोबाइलला इंटरनेट बरं लागतं, एवढ्या गुणवत्तेवर माझी नेमणूक झाली. आधी चार फुटी बोट करायची, ती यशस्वी झाली की चाळीस फुटी, असं ठरलं. वेगाचं गणित भाऊंनी त्रैराशिकानं सोडवलं होतं. चार फुटाची बोट सत्तरनं गेली तर चाळीस फुटाची सातशेनं जाणार. मी म्हटलं, असं होत नसतं. ते म्हणाले, बँकेत व्याजाचं होते ना? मग पान्यानं काय पाप केलं?

बोटीचा सांगाडा मलकापूरच्या कूलर बनवणाऱ्यानं फायबरमध्ये ओतून दिला. त्या गृहस्थानं जन्मात कूलरशिवाय काही बनवलं नव्हतं, त्यामुळे बोटीला बाजूनं जाळीसाठी खाचा आल्या. त्या भाऊंनी बुजवल्या आणि बोट लाल रंगवली. अगदी एस्टीचा लाल. पुढच्या बाजूला पाटी लावली. एस्टीच्या काही गाड्यांवर 'विनावाहक, विनाथांबा' अशी पाटी असते. कंडक्टर नाही आणि मधे कुठं थांबत नाही. भाऊंनी पेंटरकडून लिहून घेतलं, 'विनाचालक, विनाथांबा'. पेंटरनं विचारलं, मंग जाते कुठी? भाऊ म्हणाले, "समोर."

बोट काठावरून रिमोटनं चालवायची होती, पण रिमोटच्या दांड्या अंगठ्यानं हलवायच्या असतात हे काही त्यांना पटलं नाही. अंगठ्यानं गाडी चालते काय? त्यांनी भंगारातून एस्टीचं जुनं स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटरचं पायडल आणलं, लोखंडी घोडीवर बसवलं आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरींनी रिमोटला जोडलं. समोर प्लास्टिकची खुर्ची. भाऊ काठावर त्या खुर्चीत बसणार, परातीएवढं स्टिअरिंग फिरवणार, आणि बोट पाण्यात वळणार. उजव्या बाजूला आरसाही लावला होता. मागं कोण येणार आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कोनी येत नाही, हे पाह्यासाठीबी आरसा लागते."

पहिली चाचणी त्यांच्या शेजाऱ्याच्या शेततळ्यात झाली. निघण्याआधी भाऊंनी मान मागं वळवून सवयीनं विचारलं, "बसले काय सारे?" मंदा आणि मी गवतात बसलो होतो, आम्ही हो म्हणालो. कमलताईंनी ताटावर पळीनं दोनदा टण टण केलं. डबल बेल मिळाल्याशिवाय भाऊंचा पाय हलत नाही. मग त्यांनी पायडल दाबलं आणि बोट निघाली. मागं.

मोटरीच्या तीन वायरींपैकी दोन उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. विहिरीवरची मोटर अशीच उलटी फिरते तेव्हा पाणी येत नाही, एवढंच होतं. इथं बोट आपला मागचा भाग पाण्यात खुपसत, मोठ्या इभ्रतीनं, खाली खाली जायला लागली. 'विनाथांबा' शेवटपर्यंत दिसत होतं. तांत्रिक सल्लागार म्हणून मी धावलो. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठेवला आणि पुढचं मला आठवत नाही. मंदाला आठवतं आणि ती ते प्रत्येक लग्नात सांगते. बैलाचं दावं टाकून मला बाहेर ओढलं. मी चिखलात बसून धापा टाकतोय तोवर भाऊ बोटांनी आम्हाला मोजत होते. सगळे भरले तेव्हा म्हणाले, "हाव. आता बोट पाहू." आणि बोट काढल्यावर, मला जरा बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "मांगच्या मांगं जाण्याचं रेकॉर्ड कोनाचं हाय, पाहा बरं मोबाइलवर."

वायरी सुलट झाल्या. आता लांब पाणी हवं होतं. भाऊंनी पंचक्रोशीतली सगळी तळी मोजून शेवटी नळगंगेचं धरण पक्कं केलं. पण उन्हाळा तोंडावर होता. पाणी दर आठवड्याला मागं सरकत होतं, काठाला चिखल उघडा पडत होता. आता झालं तर झालं, नाहीतर पुढच्या साली. आणि पुढच्या सालचं पाणी कोणी पाहिलंय, असं भाऊ म्हणत.

एका रविवारी आम्ही चौघं धरणावर गेलो. खुर्ची, स्टिअरिंगची घोडी, बोट, भाकरी, ठेचा, भरीत. वेग मोजायला माझा मोबाइल बोटीत ठेवायचा ठरलं होतं, म्हणजे भाऊंनी ठरवलं होतं. ताईंनी तो स्टीलच्या डब्यात घालून दिला. पहिल्या फेरीत बोट चांगली झपझप जाऊन आली आणि मोबाइलनं वेग दाखवला शून्य. स्टीलच्या आत उपग्रहाला काही दिसत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. भाऊ मोबाइलकडे बघत म्हणाले, साडूभाऊ, हे यंत्र म्हनते आपन निघालोच नाही. मग लोणच्याची प्लास्टिकची बरणी रिकामी केली. माझ्या मोबाइलला अजूनही कैरीचा वास येतो.

दुसऱ्या फेरीत वेग चाळीसच्या आत. तिसऱ्या फेरीत तेवढाच. बोट निघायची झोकात, नाक वर उचलायची, आता उडणार असं वाटायचं, आणि नेमकी तिथंच मवाळ व्हायची. भाऊ म्हणाले, बॅटरी बसली. बदलली. मग म्हणाले, हवा आडवी हाय. हवा थांबेपर्यंत आम्ही जेवलो. मग म्हणाले, इथलं पानीच जड हाय, साडूभाऊ. मी पाण्याच्या जडपणाबद्दल मत द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"बॅटरी नाही न् हवाबी नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा पायच दबून नाही राह्यला."

"दाबतो ना वं."

"मी पाहून राह्यली मघापासून. अर्ध्यात अटकते."

भाऊंनी खाली पाहिलं. पायडलवर पाय तसाच होता. जुन्या खाकी रंगाची पँट, पायात एस्टीतलेच काळे बूट. मग हळूच म्हणाले, "मांगं मान्सं असतेत ना."

"कुठी हायेत मांगं मान्सं? मांगं बाभूळ हाय."

"मले माहीत हाय," भाऊ म्हणाले. "पायाले कोन सांगन?"

एवढी मोजमापं, एवढी लांबी, कूलरवाला, भंगारवाला, आणि अडलं होतं ते त्या चार बोटं जागेत, पायडल आणि खालची पट्टी यांच्यामध्ये.

ताई उठल्या. पायातली चप्पल काढली. खुर्चीच्या बाजूला उभं राहून त्यांनी एक हात भाऊंच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ जरा वर धरला, आणि आपला अनवाणी पाय भाऊंच्या बुटावर ठेवून दाबला. खालपर्यंत.

बोटीनं आधी दचकल्यासारखं केलं. मग ती अशी सुटली की आवाज मागं राहिला आणि बोट पुढं. पाण्यावर रेघ उठली, रेघेचा पडदा झाला, बगळे उठले, पलीकडे टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा माणूस उभा राहायला निघाला आणि ट्यूबवर उभं राहता येत नाही हे त्याला कळलं. भाऊ स्टिअरिंग छातीशी धरून ओरडत होते, काय ते कुणालाच समजलं नाही. मंदा टाळ्या वाजवत होती. मी मोबाइलचं नाव घेत होतो. लाल बोट पाण्याला शिवेनाशी झाली, मग खरंच शिवली नाही, हवेत गेली, आरामात एक कोलांटी घेतली आणि पालथी होऊन आपटली. लाटा काठापर्यंत आल्या, आमच्या चपला भिजवून गेल्या. मग सगळं शांत.

"भ्याली नाही ना?" भाऊंनी विचारलं. ते बोटीकडे पाहत नव्हते.

"काऊन भिऊ?" ताई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत पहिल्यानंच त बसली."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. मंदानं मला बाजूला घेऊन सांगितलं की थट्टा नाही. नवं लग्न झालं तेव्हाच भाऊंनी ताईंना सांगून ठेवलं होतं, माझ्या गाडीत तू बसायचं नाही. तू मागं बसलीस की माझं ध्यान मागं राहील, आणि घाटात ध्यान मागं राहून चालत नाही. ताईंचं माहेर देऊळघाटचं. बाळंतपणाला, सणाला, आईच्या आजारपणात, त्या मोताळ्याच्या स्टँडवर नवऱ्याची गाडी भरताना बघत उभ्या राहायच्या, ती निघून जाऊ द्यायच्या आणि पुढची धरायच्या. लेकरं कडेवर असतानाही. सगळी नोकरी संपेपर्यंत असंच चाललं.

तो मासेवाला बोट ओढत घेऊन आला. बरणी पक्की होती, मोबाइल कोरडा होता. मी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि मोठ्यानं सांगितला. सत्तरच्या पुढं. म्हणजे त्रैराशिकानं सातशे. जगाचा विक्रम कागदावर तरी मोडला होता, आणि तो ऐकायला कुणाचं लक्ष नव्हतं.

"कमल," भाऊ म्हणत होते, "उद्या देऊळघाटले जाऊ. एस्टीनं."

"काऊन? काय काम हाय तिथी?"

"काम काही नाही. मांगं बसू. तू खिडकीजवळ बस."

ताईंनी विचार केला. "उद्या नाही जमत. गव्हाले ऊन द्याचं हाय. परवा जाऊ."

"परवा त परवा," भाऊ म्हणाले. बूट पायडलवरून कधीच खाली आला होता, पण त्यावरचा ताईंचा पाय त्यांनी काही काढू दिला नव्हता.